चरित्र अभिनेता कोणाचे चरित्र रंगवतो?

प्रश्न असा आला आहे: वॉल्टर ब्रेनन या हॉलिवूडच्या नटाला एका मराठी लेखात 'चरित्र अभिनेता' म्हटले आहे. म्हणजे ते चरित्रपटांत कामे करत होते का? आणि नसतील, तर तो शब्द बरोबर कसा?

शंका अगदी रास्त आहे. मराठी माणसाला चरित्र म्हटले की गुरुचरित्राचे पारायण आठवते, नाहीतर शाळेत बक्षीस मिळालेले थोरामोठ्यांचे चरित्र. संस्कृतात चरित्र म्हणजे वर्तन, आचरण. त्या अर्थासाठी आपण 'चारित्र्य' वेगळे ठेवले आणि 'चरित्र' जीवनकथेला देऊन टाकले. हिंदीने तसे केले नाही. तिथे जीवनकथेला 'जीवनी' आहे, त्यामुळे माणसाची वागणूक आणि नाटकातले पात्र, दोन्हींना 'चरित्र' चालते. इंग्रजीतल्या 'कॅरेक्टर ॲक्टर'चा, म्हणजे नायकापेक्षा वेगळी, खास लकबींची पात्रे रंगवणाऱ्या नटाचा, 'चरित्र अभिनेता' हिंदीत झाला आणि आपण तो तसाच उचलला. कुणीतरी तो सुधारायला जाऊन 'चारित्र्य अभिनेता' करतो, तेव्हा तर पोलिसांकडून पडताळणी करून आलेला नट डोळ्यांसमोर उभा राहतो!

'कॅरेक्टर'च्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मात्र ठसा, किंवा ठसा कोरण्याचे हत्यार. नट 'ठसा उमटवून जातो' असे आपण म्हणतो, तेव्हा नकळत त्या मुळाशीच जातो.

आता ब्रेनन. जन्म १८९४चा, मॅसॅच्युसेट्समधल्या लिन गावचा. सुरुवात गर्दीतल्या एक्स्ट्रापासून. एका अपघातात दात गेले आणि तेच भांडवल झाले. कवळी काढली की चाळिशीतला हा माणूस सत्तरीचा दिसे. दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स किस्सा सांगत, की संवाद वाचायला दिल्यावर ब्रेनननी विचारले, 'सकट की शिवाय?' काय सकट? तर दात!

१९३६च्या चित्रपटांपासून ऑस्करमध्ये सहायक अभिनेत्याचा पुरस्कार सुरू झाला. पहिलाच ब्रेनन यांना मिळाला, 'कम अँड गेट इट'मधल्या स्वीडिश लाकूडतोड्यासाठी. मग 'केंटकी' (१९३८) आणि 'द वेस्टर्नर' (१९४०). अभिनयाची तीन ऑस्कर मिळवणारे ते पहिलेच. यातली गंमत अशी, की 'द वेस्टर्नर'मधला न्यायाधीश रॉय बीन हा टेक्ससमध्ये खरोखर होऊन गेलेला इसम. म्हणजे मराठी अर्थाने 'चरित्र' अभिनय तेवढा तिथे म्हणता येईल. लाकूडतोड्याचे कसले चरित्र?

मग सरळ 'सहायक अभिनेता' म्हणावे का? मला ते पटत नाही. सहायक हे त्या त्या चित्रपटातले भूमिकेचे स्थान झाले. कॅरेक्टर ॲक्टर ही नटाची जात आहे. 'रिओ ब्राव्हो'त (१९५९) लंगडत, कुरकुरत तुरुंग राखणारा स्टंपी सहायकच. पण त्याच सुमारास 'द रिअल मॅकॉइज' या दूरचित्रवाणी मालिकेत ब्रेनन आजोबा होते आणि तिथे मुख्य पात्र तेच. म्हणून काही ते नायक-छापाचे नट झाले नाहीत. चाल, आवाज, खोडी यांनी माणूस उभा करण्याची रीत तीच राहिली.

'व्यक्तिरेखा अभिनेता' अर्थाने बिनचूक आहे, पण जिभेवर बसत नाही. बोलताना आपण 'कॅरेक्टर रोल' म्हणतोच, तो लिहायलाही हरकत नसावी. एरवी एका शब्दाचा हट्ट सोडून वाक्य मोकळे करावे. त्या लेखातले वाक्य मी असे लिहिले असते: 'नायकाच्या बाजूला उभे राहून इरसाल म्हातारे रंगवण्यात ब्रेनन यांचा हातखंडा होता.'