घराण्याचे दात आणि घरातल्या सवयी

प्रश्न : आमचा मुलगा १४ वर्षांचा आहे. दोन वर्षांपूर्वी आलेली त्याची दाढ किडली असून आणखी दोन दाढांवर काळे ठिपके आहेत. यजमानांच्या घरी सर्वांचेच दात चाळिशीत पडले. सासूबाई मिश्री लावतात आणि ‘आपल्या घराण्याचे दातच तसे’ असे म्हणतात. आम्हा दोघांनाही नोकरीवरून परतायला साडेआठ वाजतात. हे खरोखर आनुवंशिक असते का?
— एक आई, कोपरखैरणे

उत्तर : आपल्या सासूबाईंचे म्हणणे अगदीच निराधार नाही. दातांची ठेवण, जबड्यातील दाटी, दाढेवरील खाचांची खोली आणि काही प्रमाणात लाळेचे गुणधर्मही वारशाने येतात. कीड मात्र तशी येत नाही. (‘कीड’ हा शब्दही जरा फसवाच, दाढेत किडा वगैरे काही नसतो.) तोंडातील जीवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात, दाताभोवतीचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप; तो जितका कमी तितके आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली उतरला की दाताच्या कवचातील खनिजे विरघळू लागतात आणि लाळेला ही स्थिती पूर्वपदावर आणण्यास अर्धा तास किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. म्हणूनच गोड किती खाल्ले याइतकेच ते किती वेळा खाल्ले हेही महत्त्वाचे ठरते. जेवणासोबत खाल्लेली जिलबी एकदाच त्रास देते. शिकवणीच्या दोन तासांत घोटघोट प्यायलेली शीतपेयाची बाटली लाळेला उसंतच देत नाही.

चिरंजीवांची किडलेली दाढ बहुधा दुसरी कायमची दाढ असावी. ती ११ ते १३ या वयात येते, तिचे कवच अजून पुरते पक्के झालेले नसते आणि ती इतकी मागे असते की घाईत फिरवलेला ब्रश तिथवर पोहोचत नाही. नेमक्या याच वयात आई-वडील ‘आता मोठा झाला’ म्हणून लक्ष काढून घेतात. आपल्या परतण्याच्या वेळेबद्दल मी दोष देणार नाही. पण रात्रीचा ब्रश साडेआठनंतरच करायचा असतो, तेव्हा तो तिघांनी एकाच वेळी करावा. (अशी पत्रे नेहमी आईच लिहिते. यजमानांनीही मुलाशेजारी ब्रश घेऊन उभे राहावे, कारण वडील जे करत नाहीत ते चौदा वर्षांचा मुलगा सांगून करत नाही.) दशलक्षात १००० ते १५०० भाग फ्लोराईड असलेली पेस्ट वाटाण्याएवढी घ्यावी, दोन मिनिटे घासावे आणि नंतर फेस थुंकून टाकावा, खळखळून चुळा भरू नयेत. या वयात संप्रेरकांमुळे हिरड्या लवकर सुजतात. रक्त दिसले म्हणून घासणे थांबवू नये.

काळे ठिपके म्हणजे प्रत्येक वेळी कीड नव्हे. खाचा निरोगी असतील तर त्या सीलंटने (खाचांवर लावायच्या संरक्षक लेपाने) बुजवता येतात, हे दंतवैद्यांना अवश्य विचारावे.

मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. मुलाच्या हाती ती डबी कधीही पडू नये. सासूबाईंनाही तपासणीसाठी सोबत न्यावे. तोंडात पांढरा चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम असल्यास ती मुलाच्या दाढेआधी दाखवावी.