एक स्क्रीन, ३० मशीन: आधी तारेचा हिशेब

तुमचा प्रश्न मी असा समजलो: शाळेच्या संगणक कक्षात ३० मशीन आहेत, प्रोजेक्टर नाही, इंटरनेटचा भरवसा नाही, आणि शिक्षकांची स्क्रीन प्रत्येक मुलाला आपापल्या मॉनिटरवर दिसायला हवी. टाइटव्हीएनसी (एका संगणकाची स्क्रीन नेटवर्कवरून दुसऱ्यावर दाखवणारे, व्हीएनसी पद्धतीचे मोफत सॉफ्टवेअर) लावून पाहिले, तर आठ-दहा मुलांपर्यंत ठीक चालते आणि त्यानंतर चित्र अडखळते. इंटरनेटची चिंता सोडा, या कामाला ते लागतच नाही. अडखळण्याचे मूळही बहुधा सॉफ्टवेअरमध्ये नसावे, म्हणून नवे काही शोधण्याआधी थोडा हिशेब करावा.

व्हीएनसीमध्ये पाहणारा प्रत्येक जण शिक्षकांच्या संगणकाशी स्वतंत्रपणे जोडला जातो, म्हणजे तेच चित्र एकाच तारेवरून ३० वेळा बाहेर पडते. १९२० बाय १०८० ची पूर्ण स्क्रीन कॉम्प्रेस न करता पाठवायची झाली, तर एक चित्र सुमारे ८.३ मेगाबाइटचे होते आणि ३० जणांचे मिळून जवळजवळ २५० मेगाबाइट. १०० एमबीपीएसच्या (सेकंदाला १०० मेगाबिट; ८ बिट म्हणजे १ बाइट) पोर्टमधून, म्हणजे तार खोचायच्या जागेतून, मात्र सेकंदाला फार तर १२ मेगाबाइट जातात. व्हीएनसी फक्त बदललेला भाग, तोही कॉम्प्रेस करून पाठवते, म्हणून वर्डमध्ये टाइप करताना सगळे सुरळीत वाटते. स्लाइड बदलली किंवा व्हिडिओ लावला की एकदम पूर्ण स्क्रीन बदलते आणि मागच्या बाकावरची मुले ‘सर, आमचं अजून आलं नाही’ म्हणू लागतात.

त्यामुळे पहिले काम म्हणजे शिक्षकांच्या संगणकावर नेटवर्क अडॅप्टरचे स्टेटस उघडून स्पीड पाहणे. तिथे १ जीबीपीएस (गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएस) दिसायला हवा. मुलांच्या मशीन १०० वर असल्या तरी बिघडत नाही, कारण त्यांना एकच प्रत घ्यायची असते. कक्षात दोन स्विच (सगळ्या संगणकांच्या तारा जिथे जोडतात ते डबे) असतील, तर त्यांना जोडणारी तारही तपासा. एका शाळेत मी दोन दिवस सेटिंग बदलत बसलो होतो. शेवटी टेबलाखाली वाकून पाहिले, तर दोन स्विचमधल्या तारेच्या पोर्टवर हिरव्याऐवजी केशरी दिवा होता. कनेक्टर (तारेच्या टोकाची पिन) कापला तेव्हा आतल्या चार रंगीत जोड्यांपैकी निळ्या जोडीतली एक तार टोकापर्यंत पोहोचलीच नव्हती असे दिसले. १०० एमबीपीएसला केशरी आणि हिरवी अशा दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटला मात्र चारही जोड्या लागतात, त्यामुळे जोडणी तुटली नव्हती, गुपचूप १०० वर उतरली होती. नवा कनेक्टर दाबून बसवला (क्रिम्प केला) आणि त्याच जुन्या सॉफ्टवेअरवर वर्ग चालला.

तार ठीक असेल, तर वर्गासाठी मी वेयॉन हे संगणक कक्ष सांभाळायचे सॉफ्टवेअर सुचवीन. ते मोफत आणि मुक्त स्रोत आहे, आणि विंडोज व लिनक्स दोन्हींवर चालते. व्हीएनसीत प्रत्येक मुलाला शिक्षकांच्या संगणकाचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा क्रमांक) टाकून जोडावे लागते; इथे शिक्षक एक बटण दाबतात आणि सगळ्यांच्या मॉनिटरवर डेमो सुरू होतो, पूर्ण स्क्रीनवर किंवा खिडकीत. खिडकीचा पर्याय मला जास्त आवडतो, कारण मुलाला शेजारी स्वतःचे काम करून पाहता येते. मुलांच्या संगणकांवर काळा चौकोनच दिसत राहिला तर घाबरू नका: वेयॉनची सर्व्हिस शिक्षकांच्या संगणकावरही चालू असावी लागते आणि फायरवॉलमध्ये (बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणाऱ्या विंडोजच्या वगैरे सुरक्षेत) ११४०० हा पोर्ट, म्हणजे इथे तारेची जागा नव्हे तर जोडणीचा क्रमांक, मोकळा असावा लागतो, आणि नेमके हेच बहुतेक जण विसरतात. वेयॉनही प्रत्येकाला वेगळी प्रतच पाठवते, त्यामुळे वरचा हिशेब त्यालाही तसाच लागू आहे.

एकच प्रत पाठवून सगळ्यांना दाखवायची असेल, तर मल्टिकास्ट आहे: एकदाच पाठवलेली प्रत स्विच सगळ्यांना वाटतो. एफएफएमपेग या व्हिडिओ बनवणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरने स्क्रीनचा ४ एमबीपीएसचा व्हिडिओ करून २३९ ने सुरू होणाऱ्या पत्त्यावर सोडायचा आणि मुलांनी व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये तो पत्ता उघडायचा. पाहणारे ३० असोत की ६०, शिक्षकांच्या तारेवर भार ४ एमबीपीएसच राहतो. मात्र व्हीएलसी मुळातच सुमारे एका सेकंदाचा साठा करून मग दाखवते, त्यामुळे शिक्षक बोलतात एक आणि मुलांना दिसते आधीचे. वायफायवर तर याच्या वाटेला जाऊ नका, कारण तिथे मल्टिकास्ट सहसा कमी वेगाने जाते आणि हरवलेले पॅकेट (डेटाचा तुकडा) पुन्हा पाठवले जात नाही, म्हणून चित्रात ठिगळे पडतात.

व्हीएनसीच ठेवणार असाल, तर मुलांना फक्त पाहण्यापुरता वेगळा पासवर्ड द्या, नाहीतर तासाला शिक्षकांचा माऊस कोणीतरी हमखास पळवतो. रिझोल्यूशन १३६६ बाय ७६८ वर आणले, तर पाठवायचे पिक्सेल निम्म्याने घटतात आणि अक्षरेही मोठी दिसतात. अडॅप्टरचा स्पीड आणि स्विचमधल्या तारेचा दिवा पाहून काय आढळले ते इथे कळवा. तार १०० वरच निघाली, तर वेयॉन बसवण्याची घाई करू नका.