जपानमध्ये राहताना रोजच्या जगण्यात कोणता फरक सगळ्यात जास्त जाणवला?

माझ्यासाठी तरी कचरा! तोक्योत निशी-कासाईला राहायचो (आपले भारतीय लोक बरेच आहेत तिकडे), पहिल्याच आठवड्यात मी सगळा कचरा एकाच पिशवीत कोंबून खाली ठेवून आलो, संध्याकाळी बघतो तर बाकी सगळ्यांच्या पिशव्या गेलेल्या आणि माझी एकटी तिथेच, वर स्टिकर चिकटवलेला. जळणारा कचरा वेगळा, न जळणारा वेगळा, बाटल्या-कॅन वेगळे, प्रत्येकाचा वार ठरलेला आणि सकाळी ८ च्या आत ठेवायचं. बाटलीचं झाकण काढा, लेबल सोला, आतून धुवा... आई व्हिडिओ कॉलवर बघून म्हणाली, टाकायचीच आहे ना रे ती?

आणि गंमत म्हणजे रस्त्यावर कचरापेट्या जवळजवळ नाहीतच, १९९५ मध्ये तोक्योच्या मेट्रोत सरीन या विषारी गॅसचा हल्ला झाला, त्यानंतर बऱ्याच काढून टाकल्या म्हणे, त्यामुळे लोक कचरा बॅगेत घालून घरी नेतात. माझ्याही खिशात अजून चॉकलेटचे कागद सापडतात.

बाकी ट्रेनमध्ये फोनवर बोलत नाहीत, टीप ठेवली तर मागे पळत येऊन परत देतात, दुकानात पैसे हातात न देता छोट्या ट्रेमध्ये ठेवायचे वगैरे सवय होते. घरात शिरताना चपला काढायच्या हे आपल्यासारखंच, पण संडासाच्या स्लिपर वेगळ्या! त्याच घालून मी एकाच्या घरी थेट जेवायच्या खोलीत आलो होतो. कोणी काही बोललं नाही, नुसते सगळे माझ्या पायाकडे बघत होते.