गाडी शेवटी घ्या: रेसिंग सुरू करताना पैसे कुठे घालायचे

या महिन्यात रेसिंगबद्दलच इतकी पत्रं आलीत की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो. चार पत्रं निवडलीत, पहिल्याचं उत्तर लांबलंय कारण तोच प्रश्न मला सगळ्यात जास्त जण विचारतात.

प्रश्न: नमस्कार दादा, मी चिंचवडला असतो, वय 26, आयटीत आहे. माझी 2014ची पेट्रोल स्विफ्ट आहे, घरी आता दुसरी गाडी आल्याने ही मोकळीच पडून असते. तीन लाख साठवलेत. ओळखीचा गॅरेजवाला म्हणतो रीमॅप, एक्झॉस्ट, लोअरिंग स्प्रिंग आणि रोलकेज टाकून देतो, मग डायरेक्ट रेसला उतर. करू का? लायसन्स वगैरे काय लागतं?

उत्तर: नको करू रे, निदान आत्ता तरी नको. मी नेमकं हेच केलं होतं. पहिल्या ऑटोक्रॉसच्या (ते काय असतं ते पुढे सांगतो) आधी एक्झॉस्ट बदलला, फिल्टर बदलला, पैसे गेले ते गेलेच, वर स्क्रुटिनीला, म्हणजे स्पर्धेआधीच्या तपासणीत, गाडी बघितल्यावर मला स्टॉक क्लासमधून, म्हणजे बदल न केलेल्या गाड्यांच्या गटातून, काढून मॉडिफाइडमध्ये टाकलं, तिथे समोर अनेक वर्षं रॅली मारणारी माणसं आणि त्यांच्या तयार गाड्या. त्या दिवशी कंपनीतून आली तशीच गाडी घेऊन आलेल्या एका कॉलेजच्या मुलाचा टायमिंग माझ्यापेक्षा चांगला होता. म्हणून पहिलं काम म्हणजे इव्हेंटचे रेग्युलेशन्स मागवून वाच, तुझ्या सीसीच्या स्टॉक क्लासमध्ये काय चालतं ते बघ, आणि तोपर्यंत गाडीला हात लावू नकोस.

रोलकेजचं, म्हणजे गाडी उलटली तर छत दबू नये म्हणून आतून लावतात त्या पाइपच्या पिंजऱ्याचं, तर अजिबात मनावर घेऊ नकोस. रोज रस्त्यावर चालवायच्या गाडीत केज टाकला की डोक्यापासून हातभर अंतरावर लोखंडी पाइप येतो, आणि तू हेल्मेट न घालता साध्या बेल्टवर बसलेला असतोस, एखाद्या छोट्या धडकेत डोकं त्याच पाइपवर आपटणार. केज, बकेट सीट, सहा पॉइंटचा हार्नेस (सहा जागी बांधलेला रेसिंगचा पट्टा) आणि हेल्मेट हे सगळं एकत्र असेल तरच ते काम करतं. शिवाय अशा बदलांवर आरटीओचा प्रश्न येतो तो वेगळाच.

सुरुवात ऑटोक्रॉसपासून कर. मैदानात कोन लावून ट्रॅक आखलेला असतो, कधी मातीवर कधी डांबरावर, एका वेळी एकच गाडी सुटते आणि शर्यत घड्याळाशी असते. कोन पाडलास की सेकंद वाढतात, रस्ता चुकलास तर रन गेली. शेजारी कुणी नसल्याने धडकायची भीती कमी, आणि दुसऱ्या गियरमध्येच गाडीचं वजन पुढे-मागे कसं सरकतं, स्टिअरिंग जास्त वळवलं की पुढची चाकं कशी नुसती घासत जातात, हे सगळं कळतं. पुणे-मुंबईकडे असे इव्हेंट होत असतात. एंट्री फी, पेट्रोल, येणं-जाणं धरून दिवसाचा खर्च हजारांत राहतो, लाखांत जात नाही.

गाडीवर आत्ता एवढंच कर. ब्रेकचं ऑइल बदल, चांगले पॅड टाक, चाकांचे नट टॉर्क रेंचने बघ, मॅट आणि डिकीतलं सगळं सामान काढ. ब्रेक ऑइलकडे कुणी लक्ष देत नाही म्हणून मुद्दाम सांगतो. ते हवेतलं पाणी ओढून घेतं. नवीन डॉट 4 ऑइलचा उकळबिंदू किमान 230 डिग्री असायला लागतो, पाणी मुरल्यावर तोच 155 पर्यंत येऊ शकतो. ट्रॅकवर सलग दाबून ब्रेक मारले की कॅलिपरमधलं ऑइल उकळतं, वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल मऊ लोण्यासारखं खाली जातं, ते पण नेमकं सरळ रस्ता संपून वळण आलेलं असताना. माझं एकदा गेलंय, पेडल दोन-तीनदा पंप करून कशीबशी गाडी थांबवली. ब्रेक ऑइल बदलायला येणारा खर्च या सगळ्या खेळात सगळ्यात कमी आहे. आणि जोरात रन मारून आल्या आल्या हँडब्रेक ओढू नकोस, गाडी गियरमध्ये ठेव आणि थंड होऊ दे.

आता तुझे तीन लाख. त्यातला मोठा भाग अंगावरच्या सामानावर घाल. एसए रेटिंगचं (कार रेसिंगच्या हेल्मेटचं मानक) किंवा एफआयएचं (मोटरस्पोर्टची जागतिक संघटना) हेल्मेट, हान्स (धडकेत मान सांभाळणारं), फायरप्रूफ सूट, आतले कपडे, बालाक्लाव्हा (हेल्मेटखालची टोपी), ग्लोव्हज, शूज असा पूर्ण सेट. बहुतेक माल बाहेरून येतो, ड्यूटी लागते, त्यामुळे माझ्या अंदाजाने सव्वा ते दोन लाख धरून चाल. बाईकचं हेल्मेट कारला चालवून घेऊ नकोस, एसएची टेस्ट आगीत आणि रोलकेजवर आपटण्यासाठी पण होते, बाईकच्या हेल्मेटची तशी होत नाही. सूट घेताना मानेमागे कॉलरवर बघ, एफआयएचा स्टँडर्ड नंबर तिथे शिवलेला असतो, 8856 ने सुरू होतो. तो नसेल तर दिसायला कितीही भारी असला तरी तो नुसता ड्रेस आहे.

सेकंडहँड घेताना तारीख बघ. मी सहा पॉइंटचा हार्नेस वापरलेला घेतला, विकणारा म्हणाला दोनदाच लावलाय, पट्टे खरंच नव्यासारखे होते. स्क्रुटिनीला तपासणाऱ्या काकांनी पट्ट्यावरचं लेबल उलटं करून दाखवलं, त्यावर कुठल्या वर्षानंतर चालणार नाही ते छापलेलं होतं आणि ते वर्ष संपून गेलं होतं. एंट्री भरलेली, हॉटेल घेतलेलं, गाडी तिथवर नेलेली, आणि मी दिवसभर पॅडॉकमध्ये, म्हणजे गाड्या तयार करतात त्या जागेत, उभा. एफआयएच्या हार्नेसला साधारण पाच वर्षांची मुदत असते, सीटला पण असते, एवढं लक्षात ठेव.

लायसन्स एफएमएससीआय, म्हणजे आपल्याकडची मोटरस्पोर्टची राष्ट्रीय संघटना, देते, अर्ज ऑनलाइन होतो, मेडिकल लागतं, दरवर्षी नवीन करावं लागतं. सर्किट रेसिंगसाठी मान्यता असलेल्या रेसिंग स्कूलचं सर्टिफिकेट पण लागतं आणि मला विचारशील तर उरलेले पैसे तिथेच घाल. चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईचं सर्किट आहे 3.7 किलोमीटरचं, आणि कोइम्बतूरला कारी मोटर स्पीडवे, वर्षानुवर्षं राष्ट्रीय रेस मुख्यतः या दोन ठिकाणी झाल्यात. कारी हे नाव करिवर्धन यांच्यावरून आलंय. त्यांनी मारुती 800 चं इंजिन लावून फॉर्म्युला मारुती ही स्वस्तातली सिंगल सीटर बनवली, का तर आपल्याकडच्या पोरांना परवडेल अशी रेसकार नव्हती, आणि पुढे 2005 मध्ये फॉर्म्युला वनला गेलेला नारायण कार्तिकेयन सुरुवातीला तीच चालवायचा. मला त्या माणसाबद्दल फार आदर आहे, एका माणसाने खर्च खाली आणला म्हणून एक पिढी ट्रॅकवर आली. आजची एलजीबी फॉर्म्युला फोर पण त्याच वाटेवरची, मारुतीचं 1300 सीसी इंजिन, आणि शिकायला, रेस करायला ती टीमकडून भाड्याने मिळते. जेके टायरच्या नॅशनलमध्ये नवख्यांसाठी नोव्हिस कपही ठेवलेला आहे.

टीमला फोन करशील तेव्हा नुसतं सीझनचे किती असं विचारू नकोस. टायर किती सेट, प्रॅक्टिसचा दिवस धरलाय का, पेट्रोल कुणाचं, मेकॅनिक किती गाड्यांमागे एक, आणि गाडी ठोकली तर कुठपर्यंतचा खर्च माझा, हे सगळं लेखी घे. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण एका वळणावर तुझं वर्षभराचं बजेट जाऊ शकतं. पुण्याहून तिकडे जाणं म्हणजे हजार-बाराशे किलोमीटर आहे, तो प्रवास आणि ऑफिसच्या सुट्ट्या पण हिशोबात धर.

अजून एक. साध्या मोटर पॉलिसीत ऑर्गनाइज्ड रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग कव्हर होत नाही. मैदानात स्विफ्टला काही झालं तर खर्च तुझ्या खिशातून, म्हणून जेवढं नुकसान सोसवेल तेवढीच गाडी ट्रॅकवर ने. आणि हात बसेपर्यंत पहाटे ताम्हिणीत किंवा लोणावळ्याकडे प्रॅक्टिस करतो असं मनात आणू नकोस. मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 प्रमाणे रस्त्यावर रेस लावणं गुन्हा आहे, पहिल्यांदा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, आणि कायदा बाजूला ठेव, समोरून दुधाची गाडी घेऊन येणारा माणूस तुझ्या रेसमध्ये नाहीये.

प्रश्न: सर, आम्ही इचलकरंजीचे. मुलगी 10 वर्षांची आहे, कोल्हापूरला दोन-तीनदा कार्टिंगला नेलं तर आता दुसरं काही बोलतच नाही. पुढे न्यायचं तर किती खर्च येईल? आमचं कापडाचं दुकान आहे, फार मोठं उत्पन्न नाही.

उत्तर: तुमचं पत्र वाचून मला खरंच आनंद झाला. कोल्हापूर जवळ आहे हे तुमचं भाग्य समजा, कार्टिंगच्या नकाशावर ते गाव चांगलं ठळक आहे आणि तिथली मुलं पुढे गेलीत. कृष्णराज महाडिक इंग्लंडमध्ये ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत जाऊन रेस करून आला.

पण घाई करू नका. पहिलं वर्ष भाड्याच्या कार्टवरच काढा, ठरवून महिन्यातून दोनदा न्या, प्रत्येक वेळचा लॅप टाइम वहीत लिहून ठेवायला तिलाच सांगा. ती स्वतःहून वही उघडून बघायला लागली की पुढचं बोलू. तोवर खर्च करायचाच तर हेल्मेट आणि रिब प्रोटेक्टरवर करा. कार्टला सस्पेन्शन नसतं आणि सीटबेल्टही नसतो, सगळे दणके सीटच्या कडेतून बरगड्यांना बसतात, मोठी माणसं सुद्धा दुसऱ्या दिवशी कुशीवर झोपू शकत नाहीत. हेल्मेट मुलांसाठीचंच हलकं घ्या, मोठ्यांचं आत फोम भरून घालू नका, त्याचं वजन तिच्या मानेला झेपणार नाही. कार्टिंगचा सूट खरचटण्यापासून वाचवतो, तो फायरप्रूफ नसतो, म्हणजे पुढे कारला गेली तर सूट नवीन घ्यावा लागेल. तसंही या वयात मुलं दर वर्षी वाढतात, सूट वापरलेला मिळाला तर जरूर घ्या.

राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेला रोटॅक्स कंपनीची इंजिनं असतात, सील केलेली, म्हणजे कुणी आतून काही वाढवू शकत नाही, ही आपल्यासारख्यांसाठी चांगली गोष्ट. तरीही स्वतःचा कार्ट, टायर, मेकॅनिक, प्रवास मिळून वर्षाला काही लाख जातात. दुकानाच्या भांडवलाला किंवा कर्जाला हात लावून तिथे जाऊ नका हे मी हात जोडून सांगतो, मी अशी घरं बघितलीत. टीमला आधी टेस्ट द्यायला सांगा, वेग दिसला तर पैशांत सवलत देणारे, स्पॉन्सर आणून देणारे भेटतात, नाही दिसला तर ती भाड्याच्या कार्टवर हसत चालवत राहील, त्यातही काही कमी नाही.

प्रश्न: मी नाशिकला शाळेत गणित शिकवते, वय 41. स्पर्धेत उतरायचंय पण वेगाची भीती वाटते आणि खर्चही झेपला पाहिजे. माझ्यासाठी काही आहे का?

उत्तर: ताई, तुमच्यासाठी टीएसडी (टाइम-स्पीड-डिस्टन्स) रॅली आहे, आणि तुम्ही नेव्हिगेटर व्हा, म्हणजे शेजारी बसून ड्रायव्हरला रस्ता आणि वेळ सांगणारी. वेग लागत नाही, रस्ता बाकी वाहतुकीसाठी चालूच असतो, वेगमर्यादेतच जायचं, आयोजक सरासरी वेग देतात आणि ठरलेल्या सेकंदाला कंट्रोलवर, म्हणजे वेळ नोंदवायच्या ठिकाणी, पोचायचं असतं. उशीर झाला तर पेनल्टी, लवकर पोचलात तरी पेनल्टी. ताशी 36 ची सरासरी म्हणजे सेकंदाला 10 मीटर, मग 6.4 किलोमीटरला 640 सेकंद, म्हणजे 10 मिनिटं 40 सेकंद, आणि हे हलत्या गाडीत मांडीवर रोडबुक (रस्त्याची वही) ठेवून, तेवढ्यात पुढे टोलला रांग लागली तर गेलेला वेळ भरून काढत करायचं. गणिताच्या बाईंना यासारखं दुसरं काय हवं. घरचीच गाडी चालते, केज नाही, सूट नाही, एंट्री आणि पेट्रोल दोघांत वाटून घेता येतं. रोडबुकमधल्या छोट्या चित्रांना ट्युलिप म्हणतात, ती वाचायला एका दुपारी शिकाल. एखाद्या इव्हेंटला आधी मार्शल, म्हणजे आयोजकांचा मदतनीस, म्हणून जाऊन या, खर्च जवळजवळ काहीच नाही आणि कंट्रोलवर उभं राहिलं की सगळा खेळ समोर दिसतो.

प्रश्न: न्यू जर्सीला असतो, इकडे काय करू? बजेट कमी आहे, गाडी होंडा सिव्हिक.

उत्तर: तुझं सोपं आहे. एससीसीए या तिकडच्या स्पोर्ट्स कार क्लबचं ऑटोक्रॉस बघ, ते त्याला सोलो म्हणतात, दिवसाची एंट्री शंभर डॉलरच्या आत असते, हेल्मेट बरेचदा तिथेच वापरायला मिळतं आणि सिव्हिक आहे तशी चालते. एक उन्हाळा ते कर. मग ऑफिसातले चौघं तयार झाले तर लेमन्स नावाची एन्ड्युरन्स, म्हणजे तासन्तास चालणाऱ्या रेसची, सीरिज आहे, 2006 पासून चालू, गाडीची किंमत 500 डॉलरच्या आत हवी असा नियम, फक्त सेफ्टीचं सामान त्या 500 मध्ये धरत नाहीत, आणि खरा खर्च तिथेच येतो, केज, सीट, हार्नेस, सूट. चौघांत वाटला तर जमतं. मिलव्हिलला न्यू जर्सी मोटरस्पोर्ट्स पार्क आहे, एखाद्या शनिवारी नुसतं बघायला जा आणि पॅडॉकमध्ये फिरून लोकांशी बोल, मदत हवी का विचार, कुणीतरी हातात पाना देईलच.