गुळाच्या भावाखालची दुरुस्ती

आधी माझी चूक. गेल्या अंकात याच पानावर मी पंचगंगा नदीची पुराची धोका पातळी ३९ फूट लिहिली. ३९ ही इशारा पातळी, धोका पातळी ४३ फूट. दोन्ही राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. कसबा बावड्यातून तीन फोन आले. एका आजोबांनी विचारलं, "ताई, ऱ्हाताय कुठं, कोल्हापुरात का मुंबैला?" शुक्रवार पेठेतच राहते हो. २०१९ ला माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला पाणी लागलं होतं, तरी हात चुकला. चूक छापणारी मी, तपासणारीही मीच. ही दुरुस्ती सदराच्या तळाशी न देता वर का दिली, ते पहिल्याच पत्राच्या उत्तरात येईल.

नमस्कार ताई. आमच्या गल्लीतल्या तरुण मंडळाच्या ग्रुपचा मी अ‍ॅडमिन. गेल्या पावसाळ्यात रात्री साडेअकराला एक व्हॉइस मेसेज आला. राधानगरी धरणाचे सातही दरवाजे उघडलेत, पहाटेपर्यंत पाणी गंगावेशीत येणार, सामान हलवा. मी तो मंडळाच्या, भिशीच्या आणि शाळेच्या बॅचच्या अशा तीन ग्रुपवर टाकला. सकाळी कळलं की मेसेज २०१९ चा होता. पण रात्री गल्लीतल्या एकट्या राहणाऱ्या आजी ट्रंक माळ्यावर चढवताना पडल्या, मनगट मोडलं. त्यांचा मुलगा पुण्याहून आला आणि चारचौघांत मला म्हणाला, "तुझ्यामुळं झालं." मी लोकांच्या भल्यासाठी पाठवलं होतं. नुसतं पुढं पाठवलं तर दोष माझा कसा? आणि आता काय करू?
— एक अ‍ॅडमिन, गंगावेश

दादा, आजींना त्या मेसेजमधला आवाज कुणाचा ते माहीत नव्हतं. तुम्ही कोण ते माहीत होतं. पुरात कमरेएवढ्या पाण्यातून दूध पोचवणारा गल्लीतला पोरगा. रात्री बाराला त्या ट्रंकेला हात घातला तो तुमच्या नावावर. तो आवाज नुसता त्यांच्या मोबाइलवर आला असता तर कदाचित त्या कूस बदलून झोपल्या असत्या. त्यामुळं "मी नुसतं पुढं पाठवलं" हे मला पटत नाही. तुम्ही त्याला तुमची पत दिलीत.

आता मेसेजकडं बघू, कारण असे मेसेज दर जुलैला येतात. राधानगरीचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी ठरावीक पातळीला आलं की आपोआप उघडतात, उतरलं की मिटतात. कुणी रात्री चावी फिरवून शहर बुडवत नाही. एका दरवाज्यातून १,४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट, पाणी जातं, सात उघडले तर दहा हजारांच्या आसपास. ते भोगावती नदीतून खाली येतं, आणि प्रयाग चिखलीच्या संगमापर्यंत येईतो तुळशी, कुंभी, कासारी या नद्यांचंही पाणी त्यात मिळालेलं असतं. गंगावेशीत काय होणार ते एकट्या राधानगरीवर ठरत नाही. म्हणून पुराच्या मेसेजला मी दोनच प्रश्न विचारते. राजाराम बंधाऱ्यावर किती फूट किती इंच? आणि किती तारखेला, किती वाजता? जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाकडून पावसाळ्यात ही पातळी दिवसातून कितीतरी वेळा जाहीर होते आणि तिच्यावर वेळ असते. तुमच्या मेसेजमध्ये दरवाजे होते, पहाट होती, "सामान हलवा" होतं, पण फूट नव्हता आणि तारीखही नव्हती.

तरी तो तुम्हाला खरा वाटला, यात नवल नाही. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. ज्यानं ते आठ दिवस काढलेत त्याला "दरवाजे उघडले" एवढं ऐकलं तरी पोटात गोळा येतो. अफवा नेहमी आपल्या खऱ्या भीतीच्या वाटेनंच आत शिरते. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्यात जमावानं पाच माणसं मारली. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे भिक्षेकरी, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातले, पोटासाठी तिकडं गेलेले. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे असे मेसेज आधी गावोगाव फिरत होते. ते पाठवणाऱ्यांतही बहुतेक कुणाचे तरी आईबापच असणार, पोरांच्या काळजीनं पाठवणारे. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एका वेळी पाचच जणांना पुढं पाठवायची मर्यादा घातली. पुढं २०२० ला, फार फिरलेला मेसेज एका वेळी एकालाच पाठवता येईल असं केलं. तुमच्या मेसेजवर फार फिरल्याची दोन बाणांची खूण होती का ते आठवून बघा. असेल तर तुम्हाला तीन ग्रुपसाठी तीनदा बोट दाबावं लागलं असणार. दोनदा थांबायला जागा होती.

माझंही ऐका. १९९४ ला मी इथल्या एका दैनिकात रात्रपाळीला होते. तालुक्याच्या वार्ताहरानं दागिने चोरीची बातमी फोनवर सांगितली. लाईन खराब, मशीन सुटायची वेळ झालेली, आणि मला दोन नावं ऐकू आली: एक फिर्यादी, एक संशयित. मी ती उलटी लिहिली. ज्याच्या घरी चोरी झाली त्यालाच चोर केलं, पान तीनवर, दोन कॉलमी मथळ्यात. परत फोन लावायला पाच मिनिटं लागली असती. ती मी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर घालवली. पाळी संपली की आम्ही सगळे तिथं धारोष्ण दूध प्यायला जायचो, आणि त्या रात्री मला घाई होती.

चौथ्या दिवशी तो माणूस ऑफिसात आला. त्याची पिठाची गिरणी होती, बाह्यांवर अजून पीठ. आरडाओरडा नाही. तोवर आम्ही दुरुस्ती छापली होती, दोन ओळी, पान सहावर, गुळाच्या सौद्याच्या भावाखाली. त्यानं ते पान उलगडून माझ्यापुढं ठेवलं. "ताई, बातमी माझ्या सासरवाडीनं वाचली. दुरुस्ती गुळाच्या भावाखाली घातलीसा. सासरवाडीत गूळ कोण करत न्हाई."

संपादक म्हणाले, एकदा दुरुस्ती दिली, विषय संपला. मी आठ दिवस त्यांच्या मागं लागले. शेवटी पान तीनवर, दोन कॉलमी, त्याच आकाराच्या टायपात पुन्हा छापून आणली. त्या दिवसाचे दहा अंक घेऊन एसटीनं त्याच्या गावाला गेले. त्यानं एक अंक गिरणीच्या दारावर खळीनं चिकटवला. चहा दिला नाही. बरोबरच होतं.

एक जुनी गोष्टही आठवते, कोल्हापूरचीच. १८८१ ला केसरी सुरू झाला आणि दुसऱ्याच वर्षी त्यावर बदनामीचा खटला झाला. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे तरुण महाराजांचा, चौथ्या शिवाजींचा, छळ करतात असं केसरी आणि मराठा लिहीत होते. पुरावा म्हणून बर्व्यांची म्हणून काही पत्रं छापली. पत्रं खोटी निघाली. टिळक-आगरकरांनी माफी मागितली, तरी चार महिन्यांची शिक्षा झाली. ते १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात होते. आपण शाळेत शिकतो ते १०१ दिवस. पत्रं खोटी होती, हे वाक्य भाषणात कुणी घेत नाही. आणि गंमत म्हणा की दुर्दैव, महाराजांची परवड काही खोटी नव्हती. पुढच्याच वर्षी, १८८३ च्या डिसेंबरात, ते अहमदनगरला एका गोऱ्या सैनिकाशी झालेल्या झटापटीत गेले. म्हणजे तळमळ खरी, अन्यायही खरा, आणि हातातला कागद मात्र खोटा. त्या कागदामुळं खरी बाजूच कोर्टात लंगडी पडली. टिळक-आगरकरांबद्दल माझा आदर यानं कमी होत नाही. पण "भल्यासाठी केलं" असं कुणी म्हणालं की मला ती पत्रं आठवतात. पुढच्या पुरात तुमचा खरा मेसेज आला, तर त्या आजी उठतील का? मला याची जास्त काळजी वाटते.

आता काय करायचं. त्याच तीन ग्रुपवर जा. टाइप करू नका, बोलून पाठवा, कारण घोळ आवाजानं झाला. "त्या रात्रीचा मेसेज मी पाठवला, तो २०१९ चा होता, मी बघितलं नाही," एवढंच. हात जोडलेली चित्रं नकोत, "काही जणांच्या भावना दुखावल्या असतील तर" तर मुळीच नको. जुना मेसेज गुपचूप पुसून टाकला असेल तर तेही सांगा. मग आजींकडं जा, मुलगा घरी असताना जा. प्लास्टरचा खर्च विचारा. घेणार नाहीत, तरी विचारा. आणि हात बरा होईपर्यंत दळण तुम्ही आणून द्या.

ग्रुपवर इतरांनी टाकलेल्याला अ‍ॅडमिन किती जबाबदार, हेही तुम्ही पत्राच्या मागं पेन्सिलीनं विचारलंय. कायद्याचा काथ्याकूट इथं नको. ७ जून २०२३ ला मोबाइलच्या स्टेटसवरून आपल्या शहरात कशी दंगल झाली, इंटरनेट कसं बंद करावं लागलं, ते तुम्ही पाहिलंय. काढून टाकायचं बटण अ‍ॅडमिनच्या हातात असतं.

ताई, मी २३ वर्षांचा. मोबाइलवर बातम्यांचा चॅनेल चालवतो, एकटाच. आमच्या भागात एका शाळकरी मुलीवर अत्याचार झाला. मी मुलीचं नाव दिलं नाही, फोटो दिला नाही. गाव, वडिलांचं दुकान आणि शाळेचं गेट दाखवलं. व्हिडिओ खूप चालला. आता वडील म्हणतात काढ. पण नाव तर मी घेतलंच नाही ना? आणि मी काढला तरी दुसऱ्यांकडं आहेच.
— एक पत्रकार, गडहिंग्लज

हे वाचायचं थांब आणि आधी व्हिडिओ काढ. मग पुढं वाच.

काढलास? बाळा, दीड-दोन हजार वस्तीच्या गावात त्या व्यवसायाचं दुकान एकच असतं. दुकान दाखवलंस म्हणजे नाव घेतलंस, आडनावासकट. मुलांना लैंगिक अत्याचारापासून जपणारा २०१२ चा पोक्सो कायदा हेच सांगतो. त्याच्या २३ व्या कलमात मुलाचं नाव, पत्ता, फोटो, घरच्यांची माहिती, शाळा, शेजार किंवा ओळख पटेल असा कुठलाही तपशील देऊ नये असं स्पष्ट आहे. शाळा हा शब्द त्यात आहे, वाचून बघ. शिक्षा सहा महिने ते एक वर्ष, किंवा दंड, किंवा दोन्ही. चॅनेलचा मालकही जबाबदार धरला जातो, आणि तुझ्या बाबतीत मालक तूच. पीडिता सज्ञान असली तरी सुटका नाही. भारतीय न्याय संहितेचं ७२ वं कलम आहे, दोन वर्षांपर्यंत कैद. मेणबत्ती मोर्चाच्या फलकावर मुलीचं नाव लिहिणाऱ्यांनीही हे वाचावं. २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की पीडिता हयात नसली तरी तिची ओळख सहज उघड करता येत नाही.

"दुसऱ्यांकडं आहेच" याला माझ्याकडं उत्तर आहे, पण ते तुला कामाला लावणारं आहे. ज्यांनी तुझाच व्हिडिओ उचललाय त्यांना तूच फोन कर. कायद्याचं कलम सांग. निम्मे काढतील. बाकीच्यांची तक्रार त्या प्लॅटफॉर्मवर कर. आणि वडिलांना फोन करून काढल्याचं कळव. त्यांच्या दुकानात मात्र जाऊ नकोस. कॅमेरा घेऊन गेला होतास ना, आता तुला तिथं बघून पुन्हा गर्दी जमेल.

बातमी करायचीच असेल तर तपास कुठं अडलाय ते विचार, आरोपपत्र कधी दाखल होणार ते विचार. त्याला मुलीचं गाव लागत नाही. त्यात व्ह्यूज कमी मिळतील, हे मी लपवत नाही.

निवृत्त मुख्याध्यापक आहे. एका साप्ताहिकानं माझ्याविषयी धडधडीत खोटं छापलं. वकील म्हणतात दावा लावा. एवढं बळ नाही. दुसरा मार्ग?
— एक वाचक, कागल

सर, आधी संपादकांना लेखी कळवा, पोचपावती घ्या. कुठलं वाक्य खोटं आणि खरं काय, एवढंच. अपमानाचं वर्णन नको, ते त्यांना उत्तर देण्यापासून सुटका देतं. दाद मिळाली नाही तर वृत्तपत्रांवर लक्ष ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलकडं तक्रार करता येते. दैनिक, साप्ताहिकाच्या बाबतीत मजकूर छापल्यापासून दोन महिन्यांच्या आत, म्हणून संपादकांच्या उत्तराची वाट बघत बसू नका. कौन्सिल दंड करत नाही, तुरुंगात घालत नाही. ताकीद देते, निषेध नोंदवते. तेवढ्यानं काय होणार असं वाटेल, पण छोट्या साप्ताहिकाच्या संपादकाला दिल्लीहून आलेला कागद बराच जड वाटतो, हे मी दोनदा पाहिलंय. तोच मजकूर त्यांनी इंटरनेटवरही टाकला असेल तर तिथल्या तक्रार अधिकाऱ्याला वेगळं लिहा, त्यांना पंधरा दिवसांत निर्णय द्यावा लागतो.

दुरुस्ती छापायला तयार झाले तर पान कुठलं, आकार किती, ते आधी ठरवून घ्या. आणि पूर्ण अंक जपून ठेवा, नुसतं कात्रण नको. तुम्ही पाठवलेल्या कात्रणाच्या पाठीमागं निम्मी साबणाची जाहिरात आहे, तारीख कुठंच नाही.