नामिबियाचे वाळूचे डोंगर: कर्ज काढून यंदा, की साठवून पुढच्या वर्षी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: येत्या मे महिन्यात दोघांनी नामिबियात सोसुसव्लेईच्या वाळूच्या टेकड्या बघायला जायचं, दहा दिवस, अंदाज साडेपाच लाखांचा. हाताशी अडीच लाख आहेत. उरलेल्या तीन लाखांसाठी पर्सनल लोन घ्यावं, की सहा लाखांची एफडी मोडावी?

दोन्ही नको. ती एफडी म्हणजे तुमच्या घरखर्चाची जेमतेम आठ महिन्यांची तजवीज आहे. तिला हात लावू नका. तीन लाखांचं कर्ज १४ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतलंत, तर हप्ता सुमारे १०,२५० रुपये आणि एकूण व्याज ६९,००० च्या घरात जातं. तुमचे महिन्याला पंचवीस हजार शिल्लक राहतात. ते आरडीत, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम भरायच्या बँक ठेवीत, टाका. बारा महिन्यांत तीन लाख उभे राहतील, वरचं व्याज रुपया घसरला तर कामी येईल. मे ते ऑक्टोबर हा तिथला कोरडा, थंड हंगाम. पुढच्या मे महिन्यातही तो असेलच.

प्रवास मात्र जरूर करा. फक्त तुम्ही पाठवलेल्या कोटेशनमध्ये काटकसर भलत्या जागी झाली आहे. मुक्काम या टेकड्या ज्या राष्ट्रीय उद्यानात आहेत त्याच्या बाहेर घेतलाय, कारण तो स्वस्त. उद्यानाचं सेसरीम इथलं फाटक सूर्योदयाला उघडतं आणि तिथून टेकड्यांपर्यंत सुमारे ६० किलोमीटर डांबरी रस्ता आहे. म्हणजे बाहेर राहणारा माणूस पोचेपर्यंत ऊन वर आलेलं असतं. एक बाजू केशरी, दुसरी काळीभोर आणि मधून सुरीसारखी धार, हे दृश्य ऊन तिरपं असतानाच दिसतं. आत राहणाऱ्यांना सूर्योदयाच्या तासभर आधी निघता येतं. जास्तीचे पैसे इथे घाला, दोन रात्री पुरतात. आतल्या कॅम्पसाइटवर तंबू टाकायची तयारी असेल तर हेच कमी पैशांत जमेल.

ते पैसे गाडीच्या भाड्यातून वाचवा. महागडी फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणारी गाडी) लागते ती शेवटच्या पाचेक किलोमीटरच्या भुसभुशीत वाळूसाठी, आणि तेवढ्यापुरती पार्किंगपासून शटल मिळते. टायरमधली हवा कमी न करता वाळूत घुसणारे नवखे चालक तिथेच रुततात. उंच बॉडीची साधी एसयूव्ही आणि दोन स्टेपन्या घ्या.

गाडीच्या विम्यात मात्र कसर नको. राजधानी विंडहुकपासूनचा बराचसा रस्ता खडीचा आहे. वेगात वळण घेतलं की मागची चाकं घसरतात, चालक घाबरून स्टिअरिंग उलटं फिरवतो आणि गाडी पलटते. समोर दुसरं वाहन नसताना झालेला असा अपघात, टायर, काच, गाडीचा तळ आणि वाळूच्या वादळाने खरवडलेला रंग, हे सगळं मूळ विम्यातून बऱ्याचदा वगळलेलं असतं. बुकिंगआधी या पाचही गोष्टी लेखी विचारा. वेग ८० च्या वर नेऊ नका, अंधारात गाडी चालवू नका.

गाडीचं डिपॉझिट बहुधा क्रेडिट कार्डावर अडकवलं जातं, तेव्हा तेवढी लिमिट मोकळी ठेवा. बाकी खर्चासाठी फॉरेक्स कार्डावर, म्हणजे आधीच परकीय चलन भरून ठेवायच्या कार्डावर, दक्षिण आफ्रिकी रँड भरा. नामिबियन डॉलर रँडशी एकास एक बांधलेला आहे आणि रँडच्या नोटाही तिथे सर्रास चालतात. उरलेले नामिबियन डॉलर मात्र तिथेच संपवा, परत आल्यावर ते बदलून मिळणं अवघड असतं.