धुराचा अलार्म, चूल आणि घरात भरलेला कापूस

पुण्या-नागपुरात नोकरी करणारी मुलं दिवाळीला येताना आईवडलांसाठी धुराचा अलार्म आणतात आणि छताला बसवून जातात. तो सांभाळायचा कसा, हे मात्र कोणी सांगत नाही. मग तेच ते प्रश्न येत राहतात. त्यातले काही इथे घेतो.

अलार्म मिनिटा-मिनिटाला ‘टिक्’ करतो. धूर तर कुठेच नाही. (आर्वी)

सेल संपत आलाय, आजच बदला. नव्या सेलनंही आवाज थांबला नाही, तर दुकानदाराला दाखवा.

चुलीच्या धुरानं रोज वाजतो, म्हणून सेल काढून ठेवला. चालेल ना? (दारव्हा)

नाही चालणार. सेल काढला की त्याचा काही उपयोग उरत नाही. चुलीपासून किमान 3 मीटर लांब, झोपायच्या खोलीत लावा. चुलीच्या खोलीसाठी उष्णतेवर वाजणारा वेगळा अलार्म मिळतो. तो कुठे बसवायचा हे जाणकार वायरमनला विचारा.

भाव वाढेल म्हणून बैठकीत छतापर्यंत कापूस भरलाय. आम्ही तिथेच झोपतो. अलार्म असल्यावर काळजी नाही ना? (वणी)

काळजी आहे, आणि मोठी आहे. भाव पडलेला, दुसरी जागा नाही, हे मला कळतं. पण कापूस जळतो कसा ते नीट समजून घ्या. मोकळ्या रुईवरून ज्वाला बघता बघता पसरते. ती विझल्यासारखी वाटली तरी ठिणगी गंजीत उतरते आणि आत तासन्‌तास, कधी काही दिवससुद्धा धुमसते. कच्च्या कापसावर नैसर्गिक मेण असतं, त्यामुळे वरून ओतलेलं पाणी आतवर पोचत नाही. धुमसताना कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. धुराच्या वासानं जाग येईलच, हा समज सोडा.

अलार्म फोटोइलेक्ट्रिक, म्हणजे प्रकाशाच्या किरणानं धूर ओळखणाऱ्या प्रकारचा घ्या. धुमसणारी आग तो लवकर ओळखतो. पण गंजी छताला टेकली असेल तर धूर त्याच्यापर्यंत पोचणार कसा? गंजी खाली आणा. रुईचे तंतू अलार्मच्या जाळीत अडकतात, दर महिन्याला मऊ ब्रशनं झाडा. गंजीत दबलेला एक्स्टेंशन बोर्ड, शेजारी लटकणारा बल्ब, उशाशी चार्जिंगला लावलेला मोबाइल, कोपऱ्यातला देवाचा दिवा आणि पाहुण्याची बिडी, हे सगळं त्या खोलीतून आज बाहेर काढा. पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं) आणि कुटारही (जनावरांचा वाळलेला चारा-भुसा) भिंतीला लावून रचू नका. अंथरुणं दुसऱ्या खोलीत हलवा, दारापर्यंतची वाट मोकळी ठेवा. ‘पुढच्या आठवड्यात विकतोच आहे’ हे मी दर हंगामात ऐकतो. तो आठवडा लांबत जातो. वायरिंग परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्या, आणि गंजीबद्दल जवळच्या अग्निशमन केंद्राचा सल्ला घ्या. आग लागलीच तर आधी सगळे बाहेर, मग 101 किंवा 112. कापूस वाचवायला कोणीही आत शिरू नये.

बाजारात एकानं ‘धूर आणि गॅस दोन्ही पकडतो, आयुष्यभर चालतो’ म्हणून विकला. उदबत्ती धरून बघितली, वाजला. (मूर्तिजापूर)

तुम्हाला फसवलं. साधा धुराचा अलार्म सिलिंडरचा गॅस ओळखत नाही. हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. अलार्मचं आयुष्यही साधारण 10 वर्षंच. त्याच्या पाठीवर छापलेली तारीख वाचा. तारीखच नसेल तर वापरू नका. उदबत्तीचा प्रयोग ऐकीव आहे. महिन्यातून एकदा अलार्मवरचं तपासणीचं बटण दाबा. गॅसचा वास आला तर कुठलंही बटण चालू-बंद न करता रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर येऊन गॅसगळतीसाठीच्या 1906 या क्रमांकावर फोन करा.

टिनाच्या छपराखाली मे महिन्यात चालेल का? (राजुरा)

डब्यावरची तापमानाची मर्यादा वाचा. बऱ्याच अलार्मची वरची मर्यादा 38 अंशांच्या आसपास असते. आपल्याकडे बाहेरच पारा 45 च्या पुढे जातो, टिनाखाली त्याहून जास्त. शिवाय तापलेल्या हवेचा थर वर साचला की धूर त्याच्या खालीच अडकतो. म्हणून टिनाला चिकटवू नका, थोडा खाली बसवा. किती खाली, ते माहितीपत्रकात बघा. तिथे नसेल तर उन्हाळ्याआधीच कंपनीच्या माणसाला विचारून घ्या.